कथेतला स्थळकाळ कसा शिकवावा: आधी ती झुळझुळ नदी आटवा

गोष्ट कुठे आणि केव्हा घडते तो तिचा स्थळकाळ. ही व्याख्या फळ्यावर लिहायला मिनिटभर लागतं, तेवढंच द्या. आठवीच्या मुलांना ती कळते. अडतं ते लिहायला बसल्यावर.

1. नकाशा. प्रत्येकाने आपल्या गल्लीचा नकाशा काढायचा: घर, नळ, किराणा, कुत्रं बसतं ती जागा. एक तास.

2. वर्णन. इथे मी तीन वर्षं आपटले. "गल्लीचं वर्णन करा" म्हटलं की वहीत झुळझुळ नदी, हिरवीगार शेतं आणि पक्ष्यांचा किलबिलाट. बाहेर सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीपार, आणि लिहिणारीच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग खडखडतोय! दोष तिचा नाही. निबंधाच्या गाईडातून आपणच हे घोटून घेतलंय.

"पंचेंद्रियं वापरा" हा सल्ला तर देऊच नका. मी दिला होता. किलबिलाट होता तिथेच राहिला, वर मातीचा सुगंध आला.

उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक, आठवडाभर विशेषणं बंद. फक्त वस्तू आणि क्रियापदं. 'सुंदर' लिहिलं की वही परत. दोन, वर्णन मागायचंच नाही, प्रश्न विचारायचा: या जागेमुळे तुझ्या पात्राला काय करता येत नाही?

शहराच्या पूर्व भागातल्या, मागवाल्यांच्या वस्तीतल्या एका मुलीने लिहिलं, "माग चालू असला की आई हाक मारत नाही, खडा मारते." मी काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेले. दुसरीची आई घरी विड्या वळते. तिच्या गोष्टीत पाहुणे येतात, पण हजार विड्यांचा हिशोब पुरा व्हायचाय म्हणून मांडीवरचं सूप खाली ठेवता येत नाही आणि चहा राहतो. तिसऱ्याचा नायक क्रिकेटच्या मॅचला पोचतच नाही, कारण चार दिवसांनी नळाला पाणी आलंय आणि "आई बोलवायलीय". वाक्य तसंच ठेवा, 'बोलावत आहे' करू नका. हाक तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत असेल तर तीही तशीच.

मग कसोटी: गोष्ट उचलून कोकणातल्या एखाद्या वाडीत ठेवा. काहीच बदललं नाही, तर स्थळ अजून आलेलं नाही. पुन्हा लिहायचं.

पहिल्या फेरीत सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला आणि गड्ड्याची यात्रा या सोलापूरच्या ठरलेल्या ओळखींना माझ्या वर्गात बंदी असते. मुलं तोंडं वाकडी करतात, पण सूट दिली की हटकून माहितीपत्रक येतं.

3. काळ. तेच पात्र, तोच रस्ता, फक्त साल 1930, महिना मे. शहरात मार्शल लॉ आहे, गांधी टोपी घातली म्हणूनही शिक्षा होऊ शकते. दादांनी पोराला दुकानात पिटाळलंय आणि पोराच्या डोक्यावर टोपी आहे. पुढचं मुलांना सुचतं. मात्र पुढे फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर थेट लिहू देऊ नका. ती भाषणं त्यांच्या स्मृतिदिनी, 12 जानेवारीला होतातच, इथे पुन्हा तेच भाषण उतरेल.

4. खोक्यातला देखावा. चपलांचं खोकं, पुठ्ठा, डिंक. हा शेवटी, लेखन संपल्यावर. बहुतेक ठिकाणी यानेच सुरुवात करतात आणि मग दोन आठवडे डिंकात जातात, तेही पालकांचे. नियम एकच: गोष्टीत जिचं नाव आहे तीच वस्तू खोक्यात. सूत लिहिलं असेल तर घरचं सूत आणा. कुणी थर्माकोलचा डोंगर आणलाच, तर डोंगराचं वाक्य गोष्टीत कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.