'द रिव्हर'ची रिस्टोअर केलेली ब्लू-रे घरी नीट कशी बघायची

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारचा 'द रिव्हर' (१९५१) बघायचाय, डिस्क मागवली, आता पुढे काय, असं तिघाचौघांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माहिती नसेल त्यांच्यासाठी: बंगालमध्ये हुगळीच्या काठावर एक इंग्रज कुटुंब राहतं, वडील तागाचा कारखाना सांभाळतात, आणि त्यांची मोठी मुलगी हॅरिएट कविता करते, डायरी लिहिते, अर्धवट वयातली आहे. त्यात युद्धात पाय गमावलेला एक अमेरिकन कॅप्टन शेजारी येतो आणि तीन मुली त्याच्यावर भाळतात. गोष्ट एवढीच. पण रंग बघाल तर वेडे व्हाल. म्हणजे, नीट दिसले तर. आणि तिथंच सगळी गोची आहे.

सगळ्यात आधी रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप. क्रायटेरियन या जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१५ साली काढलेली ब्लू-रे ही रीजन ए ची आहे, म्हणजे अमेरिकेसाठी. आपण ब्लू-रेच्या हिशोबात रीजन सी मध्ये येतो. (डीव्हीडीचा हिशोब वेगळा, तिथं आपण ५ नंबरात.) माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून येताना बॅगेत घालून डिस्क आणली, मी कौतुकाने चहा ठेवून, पडदे ओढून बसलो, आणि प्लेअरने स्क्रीनवर एक ओळ दाखवून डिस्क बाहेर थुंकली. त्यामुळे डिस्क मागवायच्या आधी आपला प्लेअर बघा, नंतर नाही. डीव्हीडीसाठी बऱ्याच प्लेअरचं लॉक रिमोटवर कोड मारून निघतं, ब्लू-रेचं मात्र सहसा तसं निघत नाही, त्याला आतून बदल केलेला मल्टी-रीजन प्लेअर घ्यावा लागतो, किंवा अमेरिकेतून आणलेला प्लेअर, आणि तो आणलात तर व्होल्टेज तपासून मगच प्लगमध्ये घाला, मागच्या बाजूला १००-२४० लिहिलेलं असेल तर ठीक, नुसतं १२० असेल तर जळेल. कुणाकडे अमेरिकेत घेतलेला, डिस्क चालणारा प्लेस्टेशन पडलेला असेल तर तोही चालतो, कारण त्याचं रीजन तो जिथल्या बाजारासाठी बनलाय त्यावर ठरतं. ४के डिस्कला रीजनचं झंझट नसतं हे खरं, पण माझ्याकडे आहे ती साधी ब्लू-रे.

आणखी एक. कुणी तुम्हाला याच सिनेमाची जुनी पाल (युरोपात आणि आपल्याकडे चालणारी टीव्हीची पद्धत) डीव्हीडी देत असेल तर वेळ बघा. मूळ सिनेमा ९९ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम. पालमध्ये तो २५ ने पळवतात, म्हणजे ९५ मिनिटांत संपतो, आणि माणसं किंचित घाईत बोलल्यासारखी वाटतात. नदीवरचा सिनेमा घाईत बघून कसं चालेल.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी डिस्क पूर्ण किमतीला घेऊ नका. तिथल्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानसाखळीत जुलै आणि नोव्हेंबरमध्ये या डिस्क अर्ध्या किमतीला लागतात, तेव्हा भावाला, मैत्रिणीला, जो कोण डिसेंबरात घरी येणार असेल त्याला सांगून ठेवा.

आता रिस्टोरेशन म्हणजे नक्की केलं काय, हे थोडं समजून घ्या, नाहीतर टीव्हीची सेटिंग का बदलायची ते पटणार नाही. हा टेक्निकलरमध्ये शूट झालेला सिनेमा. भारतात पहिल्यांदाच या पद्धतीने पूर्ण सिनेमा शूट होत होता, इथं धुवायची सोय नव्हती, निगेटिव्ह लंडनला जायचं. तो कॅमेरा म्हणजे एक कपाटच. आत प्रिझम, आणि एकाच वेळी तीन फिल्म धावतात, तिन्ही काळ्यापांढऱ्या, एकीवर लाल रंगाची नोंद, एकीवर हिरव्याची, एकीवर निळ्याची. नंतर तिन्हींचे रंग एकावर एक छापून प्रिंट बनते, आपल्याकडे लग्नपत्रिका ऑफसेटवर छापतात ना, एकेक रंग चढवत, साधारण तसंच. याचा फायदा असा की काळ्यापांढऱ्या फिल्मवरचा रंग उडत नाही, कारण तिथं रंग नाहीच. तोटा असा की पन्नासेक वर्षांत तिन्ही फिल्म आकसतात, आणि सारख्या आकसत नाहीत. मग त्या एकमेकींवर बसत नाहीत आणि माणसाच्या कडेला लाल-हिरवी किनार दिसायला लागते, छपाईत रजिस्ट्रेशन हुकलं की गणपतीच्या सोंडेचा रंग सोंडेबाहेर येतो तसा. २००४ साली अकॅडमी फिल्म आर्काइव्हने ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि जेनस फिल्म्सच्या साथीने हा सिनेमा रिस्टोअर केला, अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनने पैसा उभा केला, आणि ब्लू-रेवर आहे ते त्याच कामावरून.

एवढा खटाटोप करून आणलेलं चित्र आपला टीव्ही एका मिनिटात घालवतो. शोरूममध्ये चकाचक दिसावा म्हणून टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर येतो आणि आपण तो आयुष्यभर तसाच ठेवतो. तो आधी काढा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. मग मोशनवालं जे काही असेल ते बंद, एलजीवर त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, नावं काहीही असोत काम एकच, नसलेल्या फ्रेम मधे घुसडायच्या, आणि मग हुगळीवरची होडी सासू-सुनेच्या सिरियलमधल्यासारखी गुळगुळीत सरकते. नॉइज रिडक्शन बंद, कारण ते जे दाणे पुसतं ती घाण नाही, ते फिल्मचं पोत आहे. शार्पनेस खाली आणा. कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा, पहिली दहा मिनिटं सगळं पिवळट वाटेल, थांबा, डोळे सरावतात. प्लेअरमध्ये २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) आउटपुट सुरू आहे ना तेही बघा.

आणि कृपा करून चित्र ताणू नका! सिनेमा जवळपास चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या १.३७ पट, दोन्ही बाजूला काळे पट्टे येणारच. आमच्या घरी कुणीतरी येऊन "अरे स्क्रीन भरत नाहीये" म्हणून रिमोट दाबतंच. झूम केलंत तर वरची डोकी आणि खालचे पाय गेले, ताणलंत तर सगळे फुगले. आवाजसुद्धा मोनो आहे, त्याला साउंडबारचे सराउंडचे खेळ करू देऊ नका, 'स्टँडर्ड' वर ठेवा.

सेटिंग जमलं की नाही हे तपासायला वेगळी टेस्ट डिस्क लागत नाही, सिनेमाचं सुरुवातीचंच दृश्य पुरे. जमिनीवर बायका तांदळाच्या पिठाची आलपना काढतायत. इथं पॉज करा आणि जवळ जा. पांढरी रेघ पांढरी दिसायला हवी, निळसर नाही, आणि तिचा काठ थोडा ओलसर, असमान दिसायला हवा. रेघेभोवती खडूने गिरवल्यासारखी झळाळती कड दिसत असेल तर शार्पनेस अजून जास्त आहे. माझी आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "ही रांगोळी नव्हे, ही बोटाने काढतायत, ओल्या पिठाची." बरोबर, आपली कोरडी चिमटीतून सुटते, तिकडची पाण्यात कालवलेली असते. हे तिला दिसलं म्हणजे टीव्ही नीट लागला. दुसरी तपासणी दिवाळीच्या पणत्यांची. पणतीभोवतीचा अंधार राखाडी दिसला तर ब्राइटनेस जास्त, आणि अंधारातली माणसं गडपच झाली तर कमी. खोलीतला ट्यूबलाइट बंद करून मगच हे करा, उगाच टीव्हीला शिव्या घालू नका.

आता बघायचं कसं. पहिल्यांदा काही न वाचता बघा. दुसऱ्यांदा मात्र हे लक्षात ठेवून बघा की हे बालपण कंपाउंडच्या आतलं आहे. कथा रूमर गॉडन या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवरची, तिचं स्वतःचं लहानपण नारायणगंजला गेलं, ते आता बांगलादेशात. सिनेमा शूट झाला तेव्हा स्वातंत्र्य मिळून गेलं होतं, फाळणीने तागाची बहुतेक शेतं तिकडे आणि गिरण्या इकडे अशी वाटणी करून टाकली होती, पण या घरात त्याचा वाराही लागत नाही. आया आहे, दारावर शीख दरवान आहे, घाटावर लोक आहेत, सगळे प्रेमाने दाखवलेत, पण बघणारे डोळे हॅरिएटचे. रन्वारला हे कळत होतं असं मला वाटतं, कारण कादंबरीत नसलेली मेलनी सिनेमात आणली, बाप गोरा, आई भारतीय, आणि आपण कुठल्या बाजूच्या हे न कळणारी. ते काम केलंय राधा श्रीरामने, चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या नृत्यसंस्थेत शिकलेली भरतनाट्यमवाली, हीच पुढे राधा बर्नियर म्हणून थिऑसॉफिकल सोसायटीची अध्यक्ष झाली. त्यामुळे बंगालच्या घाटावर मधेच दाक्षिणात्य नाच आणि संगीत येतं, कोलकात्याच्या माणसाला ते खटकत असेल, पण नाच सुंदर आहे, मी भांडत नाही.

लहान मुलांना घेऊन बसणार असाल तर एक सांगतो, पुढचं वाक्य ज्यांना गोष्ट फुटायला नको त्यांनी सोडा. हॅरिएटचा धाकटा भाऊ बोगी पिंपळाजवळच्या नागाला वश करायला जातो आणि ते नीट संपत नाही. त्याआधी दुपारच्या झोपेचा एक लांब प्रसंग आहे, घरभर सगळे आडवे पडलेत, काही घडत नाही, मुलं कंटाळतील आणि तुम्ही रिमोट उचलाल. उचलू नका. भाचीने त्यानंतर एकच विचारलं, बोगीसोबत खेळणारा तो कानू, त्याच्या घरी काय झालं? तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, सिनेमा कानूच्या घरी जातच नाही.

एक्स्ट्रामध्ये रन्वारची छोटी प्रस्तावना आहे, ती सिनेमाआधी चालेल. स्कोर्सेसीची मुलाखत नंतर बघा. २००८ चा 'अराउंड द रिव्हर' हा माहितीपट मात्र सोडू नका, तासाभराचा आहे आणि शूटिंग कसं झालं ते कळतं. निर्माता मॅकएल्डाउनी हा लॉस एंजेलिसचा फूलवाला होता, त्याचीही ऑडिओ मुलाखत आहे, भांडी घासताना ऐकायला झकास. आणि या शूटिंगच्या आसपास कोण कोण फिरत होतं बघा: जाहिरात कंपनीत नोकरी करणारा सत्यजित राय, रन्वारला लोकेशन दाखवत. बन्सी चंद्रगुप्त कलादिग्दर्शनात. आणि सुब्रत मित्र, शिकणारं पोरगं, सेटवर बसून प्रकाश कुठून येतो त्याच्या नोंदी करत. पाचसहा वर्षांत या तिघांनी मिळून 'पथेर पांचाली' केला, ते सगळ्यांना माहितीये.

डिस्क पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून काठाकडे सरळ, गोल गोल नाही. आतली पुस्तिका पावसाळ्यात वेगळी काढून सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, माझ्या पुस्तिकेला ऑगस्टमध्ये बुरशीचे ठिपके आलेत ते आता जात नाहीत.