मराठी ब्रेल: क आणि ख, ल आणि ळ वेगळे कसे शिकवायचे

ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये क म्हणजे १-३ आणि ख म्हणजे ४-६. ब १-२, भ ४-५. ल १-२-३, ळ ४-५-६. आकार तोच, फक्त रांग बदललेली. त्यामुळे सुटं अक्षर बोटाखाली आलं की ते डाव्या रांगेतलं की उजव्या, हे ओळखायला बोटाला आधारच उरत नाही. इथे "नीट लक्ष दे" म्हणून काही होत नाही.

बोटाला भिंत द्या. अक्षराच्या दोन्ही बाजूंना सहाही ठिपक्यांचं भरलेलं घर उमटवा. आता क डाव्या भिंतीजवळ लागतो, ख उजव्या. सराव पक्का झाला की आधी उजवी भिंत काढा, मग डावी. सुटी अक्षरं विचारण्यापेक्षा शब्दात विचारा. तिथे शेजारची अक्षरंच भिंतीचं काम करतात.

घराची ओळख मात्र कागदावर करून देऊ नका. अंड्यांच्या ट्रेमधून तीन ओळी, दोन रांगांचा तुकडा कापा आणि खळग्यांत लिंबं ठेवून "एक-तीन", "एक-चार" असं मुलाकडून मांडून घ्या. कागदावर एका घरातले ठिपके एकमेकांपासून जेमतेम अडीच मिलिमीटरवर असतात.

बाराखडीच्या क्रमाने जायचा हट्ट सोडा. पहिली चार अक्षरं ल (१-२-३), च (१-४), ग (१-२-४-५) आणि न (१-३-४-५) घ्या. चारही बोटाला वेगळी लागतात आणि चल, नग, गगन, चलन हे शब्द लगेच वाचता येतात. ळ आणि ड (१-२-४-६) लांब ठेवा, कारण ते ल आणि न यांचे आरसे आहेत. बोट हलकं, डावीकडून उजवीकडे सरकत राहायला हवं. मूल एकाच अक्षरावर बोट वरखाली घासत असेल, तर मजकूर कठीण आहे किंवा कागद पातळ असल्याने ठिपके बसले आहेत. आधी कागद तपासा.

डोळस पालक इथे हमखास चुकतात: काना, मात्रा, वेलांटीला वेगळी खूण नाही, स्वराचीच खूण व्यंजनानंतर येते. 'कि' लिहिताना क आधी, इ नंतर. म्हणून 'मू' म्हणजे म आणि ऊ. 'मऊ' लिहायचं तर मध्ये अ (ठिपका १) घालावा लागतो. जोडाक्षरात हलन्ताचा ठिपका ४ व्यंजनाच्या आधी येतो: 'पक्का' म्हणजे प, ४, क, क, आ. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतःचं एकेक घर आहे.

लिहायला ब्रेलची पाटी (घरांच्या खाचा असलेली चौकट) आणि कलम (टोचणी) घेतलं की ठिपके मागून टोचायचे असतात, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहावं लागतं आणि १ नंबर वर उजवीकडे येतो. टोचलेल्या बाजूने पाहिलं तर बरोबर लिहिलेला क तुम्हाला ख दिसेल, आणि मूल विनाकारण बोलणी खाईल. कागद उलटून तपासा. शिकवताना डावं-उजवं म्हणू नका, आकडेच सांगा. कलम सरळ उभं दाबायचं. तिरकं झालं की कागद फाटतो. पर्किन्स ब्रेलर (ब्रेलचं टंकयंत्र) मिळत असेल तर आधी त्यावर लिहू द्या. त्यात ठिपके वाचायच्या बाजूनेच उमटतात, त्यामुळे वाचन पक्कं होईपर्यंत पाटी थांबली तरी चालते.