प्रेस शॉपमध्ये व्हीआर ट्रेनिंग: या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या प्रेस शॉपसाठी (पत्रा दाबून-कापून भाग बनवणारा विभाग) व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी मशीनवर शिकवणारं यंत्र, घेताय? किमतीची घासाघीस नंतर करा. आधी व्हेंडरला विचारा, आत प्रेस कोणती दाखवणार?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. तयार मॉड्यूलमध्ये (हेडसेटमधला तयार धडा) नव्या धाटणीची प्रेस असते. लाइट कर्टनमध्ये, म्हणजे समोरच्या प्रकाशकिरणांच्या पडद्यात, हात गेला की रॅम (वरून खाली येऊन दाबणारा भाग) जागीच थांबतो. जुन्या की-क्लचच्या पॉवर प्रेसचं तसं नाही. क्लच, म्हणजे फिरत्या चाकाला रॅमशी जोडणारा भाग, एकदा पकडला की स्ट्रोक (रॅमची खाली-वर एक फेरी) पुरा होणारच, मध्ये थांबवायची सोयच नसते. म्हणून अशा प्रेसला लाइट कर्टन कुचकामी. तिथे फिक्स गार्ड किंवा इंटरलॉकचं, म्हणजे बंद असल्याशिवाय प्रेस चालू न देणारं, गेटच हवं. व्हीआरमध्ये रॅम थांबताना पुन्हापुन्हा पाहिलेला पोरगा खऱ्या प्रेसवरही तोच भरवसा ठेवणार. त्यापेक्षा काहीच शिकवलं नसतं तर निदान बिचकून तरी राहिला असता!

फ्रिक्शन क्लचची, म्हणजे स्ट्रोक मध्येच थांबवता येणारी, प्रेससुद्धा क्षणात थांबत नाही. हिशोबात हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून (पत्र्याला आकार देणारा साचा) किमान ४०० मिलिमीटर लांब हवा, वर सेन्सरच्या प्रकारानुसार आणखी थोडा. आपल्या प्रेसचा थांबायचा वेळ मोजून घ्या आणि तोच आकडा मॉड्यूलमध्ये टाकायला लावा.

डाय बदलताना मेन स्विच बंद केला तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) बराच वेळ फिरत राहतं. स्विच कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला कुलूप लावायचं असतं, पण हातातल्या कंट्रोलरचं बटण दाबलं की ‘लॉक लागलं’, एवढ्यावर व्हीआरमध्ये भागतं. हाताला सवय मात्र लागत नाही. हेडसेट उतरवल्यावर त्याच माणसाच्या हातात खरं कुलूप आणि टॅग द्या. फ्लायव्हील थांबल्याची खात्री, रॅमखाली टेकू म्हणून सेफ्टी ब्लॉक, कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण दाबून बघणं, हे सगळं मशीनवरच करून घ्या.

हेडसेट घालून चक्कर येत असेल तर जॉयस्टिकने चालणं बंद करून एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेणारा मोड लावा, लेन्समधलं अंतर डोळ्यांप्रमाणे जुळवा. नाइट शिफ्ट करून आलेल्याला बसवूच नका. आणि गरगरणाऱ्या माणसाला लगेच मशीनवर तर अजिबात पाठवू नका. हेडसेट खिडकीत ठेवू नका. लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते.

४ मार्चच्या सुरक्षा दिनाला फोटोपुरता हेडसेट काढायचा नि परत कपाटात, हेही नको. कंत्राटी हेल्पर यादीतून गळतात, खरं तर सुरुवात त्यांच्यापासूनच हवी. आवाज मराठीत आणि हिंदीतही ठेवा. स्क्रीनवर शंभर गुण मिळाले म्हणून कुणाला प्रेसवर एकटं सोडू नका.

मॉड्यूल बनवणाऱ्याला केबिनमध्ये चहा पाजून परत पाठवू नका. शॉपवर न्या, डाय सेटरला (प्रेसवर डाय बसवणारा कामगार) सोबत द्या. कुठला गार्ड काढून ठेवलाय आणि कुणाच्या टार्गेटपायी, हे सेटरलाच माहीत असतं. तो बोलत असताना सुपरवायझरला मात्र जरा लांब ठेवा.