प्रिमरोज फुलण्याआधीची कामं

वसंतात दारात फुलं हवी असतील तर उन्हाळा सरता सरताच कामाला लागायचं, एवढं आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपण बहुतेक जण उलटं करतो. रोपवाटिकेत फुललेलं प्रिमरोज दिसतं, कुंडी उचलून आणतो आणि तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली की थंडीवर खापर फोडतो. थंडीचा बिचारीचा काही दोष नसतो. हे रोप मूळचं पश्चिम आणि दक्षिण युरोपातल्या ओलसर झाडीतलं. त्याला सोसत नाही ती मुळाशी लागणारी ऊब आणि कोरड. खालची निम्मी यादी या दोघींपासून बचाव करण्यासाठीच आहे.

पहिलं काम जागेचं. पानगळ होणाऱ्या झाडाखालची जागा मिळाली तर दुसरीकडे बघू नका, कारण फुलं येण्याच्या दिवसांत फांद्या उघड्या असल्याने ऊन मिळतं आणि उन्हाळ्यात आपोआप छप्पर होतं. झाड नसेल तर सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी बाजू शोधा. दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीला खेटून मात्र वाफा करू नका, हातभर अंतर सोडा.

मग माती. ओल धरणारी, पण पाणी साचू न देणारी, अशी दोन्हीकडून शहाणी माती लागते. ओली माती मुठीत दाबून बघा: गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचल्यावर फुटायलाही हवा. फुटत नसेल तर जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा; गोळाच होत नसेल तर नुसता पाला वाढवा. ताजं शेणखत नको, चांगलं मुरलेलं चालेल. माती किंचित आम्लधर्मी असली तर उत्तम, साधारण ६ ते ७ सामू (pH) चालतो.

बी पेरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करा. प्रिमरोजच्या बीला उगवायला उजेड लागतो. पहिल्या वर्षी मी सवयीने वर बोटभर माती पसरली आणि महिनाभर रिकाम्या ट्रेला पाणी घालत बसलो. बी ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरायचं, हलकं दाबायचं आणि वर पारदर्शक झाकण ठेवायचं. तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस हवं. २० च्या वर गेलं की उगवण पडते, म्हणून ट्रे घरातल्या सगळ्यात गार खिडकीत ठेवा. अंकुर दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आणि बी जितकं ताजं तितकं बरं. पेरणीपासून फुलापर्यंत सहा महिने सहज जातात. तेव्हा यंदाचा वसंत गाठायचा असेल तर तयार रोपं आणा आणि बी पुढच्या वर्षासाठी ठेवा.

रोप घेताना फुलांपेक्षा कळ्या मोजा आणि पानांच्या मधला गड्डा बोटाने दाबून बघा. मऊ लागला तर ते रोप परत ठेवा. उमललेलं एखादं फूल असेल तर त्याच्या घशात डोकवा. काही फुलांत मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा हिरवट ठिपका दिसतो, काहींत त्या जागी पिवळ्या दश्यांसारखे परागकोश. हे दोन प्रकार एकमेकांना पराग द्यायला-घ्यायला घडलेले आहेत, हे चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये मांडलं. घरचं बी धरायचं असेल तर दोन्ही प्रकारची रोपं जवळजवळ लावा. एकाच प्रकारची दहा असली तरी बी फारसं धरत नाही. नुसती फुलंच हवी असतील तर हे विसरलात तरी चालेल. प्रिम्युला ऑब्कोनिका ही कुंडीतली जात घेत असाल तर मात्र हातमोजे यादीत घाला, तिच्या केसाळ पानांतल्या प्रिमिन नावाच्या द्रव्याने काहींच्या त्वचेला चांगलीच खाज सुटते.

लावताना गड्डा मातीच्या पातळीला राहू द्या, पुरलात की सडतो. दोन रोपांत वीतभर अंतर पुरे. वर पाल्याचं आच्छादन घाला, पण गड्ड्यापासून दूर.

प्रिमरोजच्या जोडीला वसंतात फुलणारे कंद लावणार असाल तर त्यांचा हिशोब सोपा आहे: कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल. डॅफोडिल साधारण १५ सेंटीमीटर, क्रोकस ८ ते १०. स्नोड्रॉपचे कंद पटकन सुकतात, घरात आणून ठेवून देऊ नका. ट्युलिप सगळ्यांच्या शेवटी लावा. त्याला किमान १२ आठवडे थंडी लागते आणि हिवाळा तेवढा गार नसेल तर कंद फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. फळांच्या कप्प्यात नव्हे! पिकणाऱ्या फळांतून, विशेषतः सफरचंदातून, इथिलीन वायू सुटतो आणि कंदाच्या पोटातली कळी तिथेच मरते. माझ्या एका हंगामात भरपूर पानं आली, फूल एकही नाही; सफरचंदांची पिशवी शेजारच्याच कप्प्यात होती. डॅफोडिलचे कंद कांद्यांजवळही नकोत. ते विषारी असतात आणि फसवे दिसतात. पॅन्सीच्या रोपांना यातलं काही लागत नाही, उरलेल्या जागेत लावून टाका.

कळ्या दिसू लागल्या की रात्री टॉर्च घेऊन बिनशंखाच्या गोगलगाई वेचा. काही ठिकाणी चिमण्या पिवळ्या पाकळ्या टोचून टाकतात. काळा दोरा आडवा-उभा ताणला तर त्या सहसा उतरत नाहीत. रोप एकाएकी मान टाकायला लागलं तर उपटून मुळं बघा, भुंगेऱ्याच्या पांढऱ्या अळ्या मुळं खात असू शकतात.

शेवटी पाट्या. फुलं गेल्यावर कंदांची पानं निदान सहा आठवडे तशीच ठेवायची, गाठी मारायच्या नाहीत. मग ती वाळतात, जमीन सपाट दिसते आणि आपण खुरपं घेऊन नेमके तिथेच बसतो. क्रोकसचे सात कंद मी असे चिरलेत. प्रत्येक वाफ्यात नावाची पट्टी रोवा आणि नाव शिसपेन्सिलने लिहा; बॉलपेनची शाई उन्हापावसात उडून जाते.