टोकियोत सुशी खायला जाताय आणि शाकाहारी आहात? या चुका टाळा

काकडीच्या रोलात मासा कुठून येणार, असं म्हणत मी टोकियोच्या गिन्झा भागातल्या एका महागड्या सुशी काउंटरवर निवांत बसलो होतो. रोलात खरंच नव्हता. तो होता शेजारच्या मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपमध्ये, आणि ते मला कळलं वाटी रिकामी झाल्यावर.

माझी चूक अशी की ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून मी गप्प बसलो. जपानमध्ये या शब्दाचा अर्थ बरेचदा ‘मटण-चिकन नको’ एवढाच घेतला जातो. खरी गोम आहे दाशीत. कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा खडखडीत होईपर्यंत वाळवतात. मग सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर घासून त्याचे पापुद्रे काढतात आणि ते कोंबू या समुद्री शेवाळाबरोबर गरम पाण्यात घालून गाळतात. हे पाणी म्हणजे दाशी. आपण फोडणी देतो तितक्या सहजपणे ती सगळीकडे पडते: सूपमध्ये, तेम्पुरा या जपानी भज्यांच्या सॉसमध्ये, गोडसर ऑम्लेटमध्ये. निगिरीवर, म्हणजे वर मासा किंवा भाजी ठेवलेल्या भाताच्या मुटक्यावर, ब्रशने लावतात त्या सोया सॉसमध्येही ती असू शकते. कान्प्यो रोल तर दिसायला अगदी आपला, दुधीच्या जातीच्या भोपळ्याच्या सुकवलेल्या पट्ट्यांचा. पण त्या पट्ट्याही बरेचदा दाशीत शिजवलेल्या असतात.

म्हणून नेमकं सांगा: ‘निकु मो, साकाना मो, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन.’ मांस, मासे आणि माशांची दाशी, तिन्ही चालत नाही. उच्चारांचा भरवसा नसेल तर हेच जपानी लिपीत लिहून चिठ्ठी जवळ ठेवा.

दुसरी चूक, ऐनवेळी सांगणं. ओमाकासे म्हणजे काय वाढायचं ते शेफ ठरवणार. जेमतेम आठ-दहा खुर्च्या, आणि त्या हिशेबानेच बाजारातून मासळी आणलेली. खुर्चीवर बसून ‘मला मासे नको’ म्हटलं की त्याच्या हातात काकडीशिवाय फारसं काही उरत नाही. बुकिंग करतानाच तुम्ही उतरलेल्या हॉटेलच्या माणसाकडून विचारून घ्या. नकार आला तर राग मानू नका, पैसे वाचले.

होकार आला तर उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) आणि शिसो (सुगंधी पानं) यांचा रोल मागा, आंबट आणि सुगंधी, मला सगळ्यात आवडलेला. भाजलेल्या वांग्याची किंवा शिताके मशरूमची निगिरीही छान लागते, फक्त शिताके कशात शिजवले ते विचारा. नात्तोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, वास आणि तार झेपेल का, ते तुमचं तुम्ही ठरवा. फोटो काढत बसू नका, रोलाभोवतीची नोरी, म्हणजे शेवाळाची कुरकुरीत पापडी, बघता बघता मऊ पडते.

सुरी आणि कापायचा पाट मात्र मासे कापतात तेच असतात. ते चालत नसेल, किंवा कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर सुशीचा हट्ट सोडून शोजिन र्‍योरी शोधा. बौद्ध मठांतलं हे जेवण, टोकियोपासून लांब, ओसाकाच्या बाजूला असलेल्या कोयासान डोंगरावरच्या मंदिरांत मुक्कामाला गेलं की मिळतं. तिथे दाशी कोंबू-शिताकेची.

पुढच्या खेपेला मी चिठ्ठी आधीच पाठवली. शेफने वांग्याची निगिरी केली, सूप कोंबूचं दिलं, आणि माझ्यासमोर ताजी वासाबी किसायला घेतली. किसणी वेगळीच दिसली म्हणून विचारलं. शार्कच्या कातडीची होती. तेवढं चिठ्ठीत लिहायचं राहून गेलं होतं.