घरच्या घरी खानदेशी भरीत पार्टी

थंडीत आठ-दहा जणांना जेवायला बोलवायचं तर दहा पदार्थांचा घाट घालू नका. खानदेशी बेत ठरवा आणि भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा एवढ्यावरच थांबा. जळगावची हिरवी भरताची वांगी (२०१६ पासून भौगोलिक मानांकन असलेली) माणशी पाव किलो धरा. टोचे मारून, तेलाचा हात फिरवून गॅसवर भाजा. देठाजवळ कच्चं राहिलं की भरीत बिघडलंच. मिक्सर नको, वांगी लाकडी बत्त्याने ठेचून घ्या. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि सढळ हाताने कांद्याची पात. टोमॅटो अजिबात नाही. भरीत तासभर आधी झालं तरी चालतं, भाकऱ्या मात्र पंगत बसल्यावरच. तव्यापाशी कोण, हे आधीच ठरवा. दरवेळी यजमानीणबाईच कशाला?