राव, भाई आणि एक लाख अडुसष्ट हजार

माझ्या बाबांचं नाव रेशनकार्डावर संजयराव आहे आणि आधारवर संजयभाई. बडोद्यातल्या मराठी घरांना यात नवल वाटणार नाही. नाव टाइप करणारा गुजराती असला की त्याच्या बोटांतून आपसूक ‘भाई’ उतरतं. घरात आम्ही यावर हसायचो. बारावीनंतरच्या जूनमध्ये याच दोन अक्षरांपायी माझे 1,68,000 रुपये गेले. आता रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अकरावी-बारावीची पोरं फायली घेऊन येतात. त्यांना मी आधी हीच गोष्ट सांगते, फीमाफीच्या आणि शिष्यवृत्तीच्या योजनांची यादी नंतर.

बाबा मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, लेथवर, आई डबे करते. मला केमिकल इंजिनिअरिंगला जायचं होतं. आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठी सवलत म्हणजे टीएफडब्ल्यूची, म्हणजे ‘ट्यूशन फी वेव्हर’ची सीट. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजात मंजूर जागांच्या वर 5 टक्के जागा अशा असतात की तिथे ट्यूशन फी पूर्ण माफ. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, बाकी सगळं मेरिटवर. जातीची अट नाही. गुजरातेत एसीपीसीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश समितीच्या फॉर्ममध्येच याची निवड करायची असते आणि उत्पन्नाचा दाखला, म्हणजे आपला ‘आवकनो दाखलो’, तेव्हाच जोडावा लागतो.

मी निकाल लागल्यावर दाखल्याच्या मागे लागले. जनसेवा केंद्रात दोन तास रांगेत उभी राहिले, खिडकीशी पोचले, आणि बाईंनी रेशनकार्ड नि आधार शेजारी ठेवून कागद परत केले. मग सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र), मग आधारची दुरुस्ती, मग पुन्हा रांग. दाखला हातात आला तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते. माझ्यापेक्षा कमी मेरिटची मैत्रीण त्याच कॉलेजात, त्याच वर्गात टीएफडब्ल्यूवर आली. तिची ट्यूशन फी शून्य, माझी 84,000. आमची मैत्री टिकली, याचं श्रेय तिच्या आईच्या पुरणपोळ्यांना.

मला तारलं मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेनं, सगळे तिला एमवायएसवायच म्हणतात. बारावीला 80 पर्सेंटाइल आणि घरचं उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन फीच्या निम्मी रक्कम मिळते. कमाल मर्यादा इंजिनिअरिंग-फार्मसीला 50,000, मेडिकलला 2 लाख, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला 10,000. मला वर्षाला 42,000 मिळाले आणि उरलेले 42,000 घरातून गेले. चार वर्षांचा गुणाकार वर केलाच आहे.

इथे एक गैरसमज इतक्या घरांत बघते की वैताग येतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तुमच्या मागे किती टक्के पोरं आहेत तो आकडा. मला बारावीला 71 टक्के होते, म्हणून बाबांनी परस्पर ठरवलं की 80 ची अट आपल्याला लागू होत नाही. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर पर्सेंटाइल रँक वेगळी छापलेली असते, माझी 88 होती. मार्कशीट नीट न वाचल्यामुळे घरी बसलेली किमान चार पोरं मला माहीत आहेत. डिप्लोमाला जाणाऱ्यांसाठी हीच 80 ची अट दहावीच्या निकालावर लागते.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: फी आधी भरायची असते, मदत मागून येते. मी जुलैत फी भरली, पैसे खात्यात पडले फेब्रुवारीत. मधले सात महिने आईच्या पाटल्या सोनाराकडे होत्या. म्हणून बारावीच्या वर्षात घरी विषय काढा की पहिल्या सत्राची पूर्ण फी आपल्याकडे कुठून येणार. भिशी असेल तर आपला नंबर जून-जुलैत लावून घ्या. आई-बाबांशी पैशांचं बोलायला लाज वाटते, मलाही वाटायची, पण पाटल्या गहाण टाकायला आईबरोबर जाण्यापेक्षा ते बोलणं सोपं आहे.

पैसे येतात ते डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात. बँकेत आधार नंबर दिला म्हणजे झालं असं नाही, खातं डीबीटीसाठी ‘सीड’ केलेलं, म्हणजे हे पैसे घेण्यासाठी आधारला जोडलेलं लागतं. दोन बँकांत खाती असली तर शेवटी जे सीड केलं त्यातच रक्कम जाते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची शिष्यवृत्ती शाळेत असताना उघडलेल्या खात्यात पडून होती आणि तो कॉलेजच्या क्लार्कशी भांडत होता.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सेंट्रल सेक्टर स्कीममध्ये पदवीची पहिली तीन वर्षं दर वर्षाला 12,000 मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा 4.5 लाख, दर वर्षी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी हवी. मुलींसाठी एआयसीटीईची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50,000, उत्पन्न 8 लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. ती पहिल्या वर्षातच भरायची, डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी दुसऱ्या. मला ती तिसऱ्या वर्षी कळली, त्यावर आणखी काय लिहू! आयआयटीत नंबर लागला तर घरचं उत्पन्न 1 लाखाच्या आत असताना ट्यूशन फी पूर्ण माफ, 1 ते 5 लाख असेल तर दोन तृतीयांश माफ.

मात्र एकावर दुसरी सहसा घेता येत नाही. म्हणून समोर आलेली पहिली योजना भरून मोकळं होऊ नका, आधी कुठली जास्त देते ते कागदावर मांडा. आणि अटी वाचा. टीएफडब्ल्यू घेतली की पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेबांना कोलंबियाला शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, हे आपल्याकडे शाळेपासून ऐकतो. तिच्यासोबत परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार होता, आणि 1917 ला ते आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, हे मला कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर, त्यांच्या स्मारकावर, गेल्यावर समजलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी सहीआधी शेवटचं पान वाचायला लावते.

कर्ज सगळ्यात शेवटी ठेवा, पण त्याचा बाऊ करू नका. 4 लाखांपर्यंत बँक तुमचा स्वतःचा हिस्सा मागत नाही, आणि 7.5 लाखांपर्यंत सरकारी हमीखाली तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरत गेलात तर नंतरचा हप्ता हलका होतो. 2024 पासून पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची कर्जयोजना आहे, पण ती ठरावीक संस्थांनाच लागू, तेव्हा आपलं कॉलेज यादीत आहे का ते प्रवेशाआधी बघा. बँकेत जाताना प्रवेशाचं पत्र आणि कॉलेजच्या सहीशिक्क्याची फीची फोड बरोबर न्या, नाहीतर फेरा फुकट.

आता क्रम. अकरावीच्या उन्हाळ्यात शाळेच्या एलसीवरचं (शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं) नाव प्रमाण धरून आधार, रेशनकार्ड, पासबुक जुळवून घ्या, आई-बाबांचंसुद्धा. आमच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, त्यानंही घोळ होतो. बारावीच्या दिवाळीत, परीक्षेच्या आधी, आवकेचा दाखला काढा. खातं सीड करा. बाकीचं निकालानंतर.

गेल्या रविवारी मांजलपूरहून एक काका मुलाला घेऊन आले. पोरगा अकरावीत. काका खुर्चीत टेकत म्हणाले, “ताई, अजून दीड वर्ष आहे, आत्तापासून कशाला?” मी त्यांच्याच पिशवीतलं रेशनकार्ड आणि आधार काढून टेबलावर शेजारी ठेवलं. एकावर दत्तात्रयराव, दुसऱ्यावर दत्तुभाई. काकांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं आणि मुलाला म्हणाले, “उद्या मी रजा टाकतो. तू शाळेच्या आधी माझ्याबरोबर चल.”